ए-४३१ आणि एससीसी-२५: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन्ही स्क्वॅमस सेल कार्सिनोमाच्याच (त्वचेच्या किंवा तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग) सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी. ए-४३१ ही ८५ वर्षांच्या स्त्रीच्या गाठीतून आलेली, तर एससीसी-२५ ही ७० वर्षांच्या पुरुषाच्या जिभेतून. पुण्यात ए-४३१ एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) भांडारातून मिळते, आणि डीएमईएम या साध्या मीडियमवर (पेशींचं पोषक द्रावण) १० टक्के सीरम घालून कुरकुर न करता वाढते. एससीसी-२५ ला डीएमईएम-एफ१२ लागतं, शिवाय मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन हे संप्रेरक. इथेनॉलमध्ये त्याचा १ मिग्रॅ प्रति मिलि स्टॉक (दाट साठा-द्रावण) करून ५०० मिलिच्या बाटलीत २०० मायक्रोलिटर टाकावा आणि तसं बाटलीवर लिहावं. घातलेलं आणि न घातलेलं मीडियम दिसायला सारखंच असतं.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोडवणं. घाई करून फ्लास्क आपटला की दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा सुटून येतो. मग गुठळ्यांमुळे मोजणी चुकते, आणि एमटीटीत (जिवंत पेशींचं प्रमाण रंगावरून मोजणारी चाचणी) प्लेटमधल्या शेजारशेजारच्या वेलचे (खळग्यांचे) आकडे जुळत नाहीत. या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन कॅल्शियमवर चालतं, आणि उरलेलं सीरम ट्रिप्सिनला (पेशी सोडवणारं एन्झाइम) अडवतं. म्हणून फ्लास्कचा तळ ७०-८० टक्के भरल्यावरच, कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (धुण्याचं क्षार-द्रावण) दोनदा धुवावं. मग कॅल्शियम बांधून ठेवणारं ०.५ मिलिमोलर ईडीटीए ५ मिनिटं, ते काढून टी-२५ फ्लास्कला १ मिलि ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए, ३७ अंशांवर. आधी बेटांच्या कडेच्या पेशी गोल होऊन चमकतात, मधल्या चपट्याच राहतात. मधल्याही गोल झाल्या की मगच सीरमवालं मीडियम घालावं. एमटीटीसाठी ४० मायक्रॉनची गाळणी लावाच.

पावसाळ्यात बुरशीचा त्रास होतो; इनक्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदलायचं, तेही ऑटोक्लेव्ह केलेलं. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू मात्र बारमाही. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन लागू पडत नाही, मीडियम गढूळही होत नाही. म्हणून महिन्याला पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) हवाच. एसटीआर तपासणीही (डीएनएवरून सेल लाइनची ओळख पटवणं) टाळू नये: घशाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षं वापरलेली हेप-२ प्रत्यक्षात हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सेल लाइन) निघाली.

तोंडाच्या कर्करोगावर काम असेल तर एकट्या ए-४३१ वर विसंबणं आम्हाला पटत नाही. तिच्यावर ईजीएफआर (वाढीचा संकेत देणाऱ्या ईजीएफ या प्रथिनाचा ग्राहक) अफाट असतो, त्यामुळे त्याविरुद्धचं औषध तिच्यावर चाललं म्हणून जिभेच्या गाठीवर चालेलच असं नाही. आणि वाढ व्हावी म्हणून तिला ईजीएफ देऊ नका. नॅनोमोलर मात्रेत उलट तिची वाढच खुंटते.