कुकरच्या शिट्टीने घात केला

शनिवारी रात्री आम्ही चौघं 'लीथल कंपनी' हा ऑनलाइन भीतीचा व्हिडिओ गेम खेळत होतो. मी सांगलीत, मावसभाऊ पुण्यात, कॉलेजातले दोघं बेंगळुरात. गेममधल्या आमच्या शिपबाहेर, म्हणजे अंतराळयानाबाहेर, डोळे नसलेला कुत्रा घुटमळत होता. त्याला दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं, अगदी आपल्या माइकमधून जाणारा खरा आवाजसुद्धा. आम्ही चिडीचूप. तेवढ्यात मावसभावाच्या घरात कुकरने शिट्टी मारली. गडी तिथंच गारद.

झीकर्स या नावाने गेम करणाऱ्या एकट्या माणसाचं हे काम, ऑक्टोबर 2023 मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला आलेलं. धंदा म्हणाल तर भंगारवाल्याचा. ओसाड चंद्रांवर उतरायचं, अंधाऱ्या इमारतीत शिरायचं आणि चहाची किटली, लोणच्याची बरणी, रबरी बदक, जे हाताला लागेल ते उचलून आणायचं. गेममधल्या तीन दिवसांत कंपनीचा कोटा, म्हणजे ठरलेल्या किमतीचा माल, भरायचा. पहिला 130 चा, म्हणजे किरकोळ. नाही भरला तर शिपचं दार उघडून तुम्हाला थेट अंतराळात फेकतात. आमच्या ऑफिसात मार्चएंडला साधारण हेच वातावरण असतं.

भीती मॉन्स्टरांची कमी वाटते, आवाजाची जास्त. मित्र वळणाआड गेला की त्याचा आवाजही बारीक होत जातो. "अरे इकडे ये, इंजिन घावलंय, जड आहे, दोन्ही हात..." आणि पुढे काहीच नाही. किंकाळी नाही, पडल्याचा आवाज नाही. ब्रॅकन नावाचा मॉन्स्टर मागून येऊन मान मोडतो. त्याच्याकडे ओझरतं पाहिलं तर तो मागे सरकतो, टक लावून पाहिलं तर चिडतो. कॉइलहेड या दुसऱ्या मॉन्स्टरचं उलटं: नजर हटली की धावत येतो. म्हणून "मी बघतो, तू पळ" असं कोणीतरी म्हणावंच लागतं. आमच्यात ते कोणीच म्हणत नाही, सगळे एकदमच पळतात.

आता रडगाणं. उतरल्या उतरल्या मेलात, तर बाकीचे शिपवर परत येईपर्यंत प्रेक्षक म्हणून बसा. चौघंही मेलो तर शिपमध्ये साठवलेला सगळा माल गेला. दोन दिवसांची मेहनत अशी गेल्यावर बेंगळुरातला एक जण सरळ झोपायला निघून गेला. कोटा वाढतच जातो, शेवट असा नाहीच, त्यामुळे महिनाभराने तेचतेच वाटायला लागतं. नवख्याला कोणी काही समजावत नाही. शिपमधल्या टर्मिनलवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, काय टाइप करायचं इथूनच सुरुवात. एकट्याने खेळता येतो, मी खेळून पाहिला, वीस मिनिटांत बंद केला. बोलायला कोणी नसेल तर उरतं ते फक्त हमालीचं काम.

ग्राफिक्स मुद्दाम खरखरीत ठेवलेत. मला तेच आवडलं, धुक्यात मित्र कोण आणि दुसरं कोण ते कळत नाही. चार माणसं पक्की असतील तरच घ्या. पाचवा आला तर मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेली जोडणी, टाकावा लागतो.

आमच्याकडे आता शिप उतरवायची लिव्हर ओढायच्या आधी एकच चौकशी होते: गॅसवर काय आहे?