पारी/जीपी: २१ अंकी संख्येची झडती

मोठ्या पूर्णांकाचे गुणधर्म तपासायला स्प्रेडशीट उघडू नका. तिथे १५ अंकांपुढे नुसती शून्यं उरतात. फ्रान्समधल्या बोर्दोत तयार झालेली पारी/जीपी ही फुकट, मुक्तस्रोत गणिती संगणक प्रणाली एकही अंक सोडत नाही. परीक्षेसाठी २^६७−१ घ्या, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. टंकताना मात्र स्वल्पविराम नकोत, कारण प्रणाली प्रत्येक तुकडा वेगळी संख्या समजते. '१ई२०' असंही लिहू नका. ती दशांश संख्या ठरते आणि 'इझप्राइम' ही मूळपणा (संख्या अविभाज्य आहे का) तपासणारी आज्ञा चूक दाखवून थांबते, '१०^२०' लिहा.

अवयव पाडणारी 'फॅक्टर' आज्ञा दिली की साध्या लॅपटॉपवरही लगेच उत्तर येतं: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. हेच अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये हातानं काढून दाखवले होते. पुढचं वर्गीकरण यातूनच निघतं. मूळ अवयव दोन आणि दोन्ही एकेकदाच, म्हणून संख्या वर्गमुक्त (१ सोडून कोणत्याही वर्गानं भाग न जाणारी), विभाजक चार. 'सिग्मा', म्हणजे सगळ्या विभाजकांची बेरीज, यातून तीच संख्या वजा केली की उरतात ७,६२,०३,१९,६५,००९, म्हणजे संख्या न्यून (ही बेरीज संख्येपेक्षा लहान), तीही फारच. देवळालीच्या द. रा. कापरेकरांच्या हर्षद संख्यांसाठी (स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या) तयार आज्ञा नाही, पण 'समडिजिट्स'नं, म्हणजे अंकांच्या बेरजेनं, भागून बाकी पाहिली की झालं. इथे अंकांची बेरीज १०९ येते आणि भाग जात नाही.

खरी गंमत मूळपणाच्या चाचणीत आहे. पाया २ घेऊन फर्माची कसोटी (२ चा 'संख्या वजा १' इतका घात संख्येनं भागला की बाकी १ येते का) लावली तर ही संयुक्त संख्या बिनदिक्कत पास होते. (फक्त बाकी ठेवणारं 'मॉड' न लावता तो घात काढू गेलात तर ओव्हरफ्लो.) मूळपणाची झटपट चाचणी करणारी 'इझस्यूडोप्राइम' आज्ञा फसत नाही, कारण त्यात पाया २ च्या कडक चाचणीनंतर लुकासची चाचणीही असते. तिचं ० (संयुक्त) हे उत्तर पक्कं. १ (बहुधा मूळ) आलं तर २^६४ पर्यंत निर्धास्त राहा; त्यापुढे सिद्धता हवी असेल तर 'इझप्राइम' वापरा. 'फॅक्टर'चे मोठे तुकडेही मुळात सिद्ध केलेले नसतात, त्यासाठी 'फॅक्टर_प्रूव्हन' १ करावं लागतं. ही बाब माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक छापायला हवी होती.

सगळ्या विभाजकांची यादी देणारी 'डिव्हायजर्स' आज्ञा जपून वापरा. भरपूर अवयवांच्या संख्येला यादी इतकी लांबते की स्टॅक (प्रणालीची राखीव मेमरी) भरतो. नुसती मोजदाद हवी तर 'नमडिव्ह' पुरतं. यादीच हवी तर आधी 'अलोकेटमेम'नं जागा वाढवा.

दिसायला प्रणाली रुक्ष आहे: काळा पडदा, कोरडी उत्तरं. मदत मात्र चांगली, आज्ञेआधी प्रश्नचिन्ह टाका. शंभर अंकी संख्येचे दोन्ही अवयव सारखेच मोठे असतील तर इथे वेळ घालवू नका. त्यासाठी काडो-एनएफएस हे मोठ्या संख्यांचे अवयव पाडणारं वेगळं सॉफ्टवेअर बरं.