जुन्या गाडीचा मुका रेडिओ: दुरुस्त करावा, आतून बदलावा की दुसरा लपवून बसवावा?

जुनी गाडी हाती आली की इंजिन, ब्रेक आणि पत्र्याच्या कामात वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं. मग एक दिवस डॅशबोर्डवरच्या मुक्या रेडिओकडे लक्ष जातं. इथे तीन वाटा आहेत. आहे तोच रेडिओ मूळ रूपात दुरुस्त करायचा, चेहरा ठेवून पोटातली यंत्रणा नवी घालायची, किंवा त्याला हात न लावता आधुनिक रेडिओ दुसरीकडे दडवायचा. डॅशबोर्ड कापून नवा रेडिओ बसवण्याचा पर्याय मी तुलनेत घेतच नाही. नव्या रेडिओला साधारण 180 बाय 50 मिलिमीटरचा सलग खाचा लागतो. जुन्यात मधे डायल आणि दोन बाजूंना बटणांच्या दांड्यांची भोकं असतात. एकदा कापलेला तो पत्रा पूर्ववत करणं फार अवघड.

निवड करण्याआधी आपला रेडिओ कोणत्या काळातला आहे ते पाहा, कारण कामाचं स्वरूप त्यावरच ठरतं. क्रायस्लर ही मोटार कंपनी आणि फिल्को ही रेडिओ कंपनी यांनी 1955 मध्ये संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार रेडिओ आणला, पण व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, तापल्यावर चालणाऱ्या काचेच्या नळ्या, त्यानंतरही काही वर्षं टिकले.

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओची गंमत त्याच्या व्हायब्रेटरमध्ये आहे. बॅटरी 6 किंवा 12 व्होल्टची, आणि व्हॉल्व्हना हवे दोनशेच्या आसपास व्होल्ट. म्हणून एक पत्ती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरत प्रवाह तोडते-जोडते आणि ट्रान्सफॉर्मर तो दाब चढवतो. बटण फिरवलं की आधी डायल पिवळसर उजळते, व्हायब्रेटर गुणगुणायला लागतो आणि व्हॉल्व्ह तापले की मग आवाज हळूहळू वर येतो. ही काही सेकंदांची वाट पाहणं मला फार प्रिय आहे, आणि ती फक्त पहिल्या वाटेवर मिळते.

मात्र पडून राहिलेला असा रेडिओ थेट बॅटरीला जोडू नका. ट्रान्सफॉर्मरला जोडलेला बफर कपॅसिटर खराब असेल तर व्हायब्रेटरचे पॉइंट जळतात, आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. आधी तो कपॅसिटर आणि कागदी व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नवे घाला, मगच वीज द्या. व्हायब्रेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक पर्याय मिळतो, पण तो घेताना गाडीच्या बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलाय की मायनस, हे नक्की सांगा. उलटा घातला तर तो जळू शकतो.

ट्रान्झिस्टरच्या रेडिओत धोका स्पीकरचा. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या रेडिओंना 10 ओहमचा स्पीकर लागतो. तिथे आजचा 4 ओहमचा लावला की आउटपुट ट्रान्झिस्टर तापून मरतो, आणि जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर शोधणं कठीण आहे. स्पीकर न जोडता असा रेडिओ चालू करणंही टाळा.

दुरुस्तीतून परत मिळतो तो एका स्पीकरचा मोनो आवाज आणि बऱ्याचदा फक्त मीडियम वेव्ह. तुमच्या भागात त्यावर काही ऐकू येतं का, हे आधी तपासा. जर्मनीत डॉइचलांडफुंक या सार्वजनिक रेडिओने 2015 च्या अखेरीस मीडियम वेव्ह बंद केली. नॉर्वेत तर 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएमसुद्धा थांबलं. हवेत काहीच नसेल तर दुरुस्त रेडिओ नुसता खरखरतो. त्यावर तोडगा आहे: आवाजाच्या कंट्रोलपाशी फोनसाठी एक ऑक्स वायर काढायची. फोनचे डावे-उजवे दोन्ही सिग्नल रेझिस्टरमधून एकत्र करायचे, थेट जोडायचे नाहीत, आणि मधे कपॅसिटर घालायचा. वायर ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली तर बाहेरून काही दिसत नाही.

दुसऱ्या वाटेवर, म्हणजे पोटात नवा बोर्ड घातल्यावर, एफएम, ब्लूटूथ आणि चार स्पीकर मिळतात, आणि मूळ डायल व बटणं तशीच राहतात. रोज लांब फिरणाऱ्याला हेच सोयीचं वाटेल. पण असे बोर्ड सहसा 12 व्होल्ट आणि मायनस अर्थिंगसाठीच, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेल्या गाडीसाठीच, असतात. 6 व्होल्टच्या गाडीत कन्व्हर्टर लागतो. प्लस अर्थिंगच्या गाडीत बोर्डाचा मायनस बॉडीला टेकला की शॉर्ट झालाच. माझं मत असं, की चालण्याजोगा रेडिओ यासाठी रिकामा करू नये. ट्रान्सफॉर्मर जळालेला, कॉइल गंजलेल्या, अशा मेलेल्या रेडिओसाठी ही वाट योग्य. काढलेले भाग तरी गाडीच्या नावाची चिठ्ठी लावून डब्यात जपा.

तिसरी वाट सगळ्यात सोपी. सीटखाली लहानसा अँप्लिफायर, फोनवरून ब्लूटूथ, आणि मूळ रेडिओ जागच्या जागी. सगळं पुन्हा काढता येतं. उणीव एकच: डॅशबोर्डवरची बटणं शोभेचीच राहतात.

मी स्वतः चालण्याजोग्या रेडिओला दुरुस्ती आणि ऑक्स, याच जोडीला कौल देईन. पैसे किंवा वेळ आत्ता नसेल तर तिसरी वाट धरा, म्हणजे पहिली पुढे कधीही खुली राहते.

रेडिओ चालू होतोय पण ‘बहिरा’ झालाय म्हणून बोर्ड बदलायच्या विचारात असाल, तर आधी अँटेनाच्या सॉकेटजवळ एक बारीक स्क्रू दिसतो का पाहा. अँटेना पूर्ण उघडा, 1400 किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं अशक्त स्टेशन धरा आणि आवाज सगळ्यात मोठा होईपर्यंत तो स्क्रू सावकाश फिरवा. अँटेना बदलल्यावर हे करायचं अनेकांचं राहून जातं.