गोव्यात डिस्क आणि कार्ट्रिज सांभाळणं: दहा महिन्यांच्या वापरानंतर

प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या गेम डिस्क, निन्टेंडो स्विचची गेम कार्डं आणि थोडी जुनी गेमबॉयची कार्ट्रिज, असे साठेक नग डिसेंबर ते सप्टेंबर बंद डब्यात ठेवून, काढून, खेळून झाल्यावरचा हा अनुभव. कोरडा हिवाळा, मे महिन्याची काहिली आणि चवथीपर्यंतचा पाऊस, सगळं यात आलं. डिस्क विकत घेऊन जपणं आता परवडतं का, यावर मत आधीच सांगतो: संग्रह करणं अजून परवडतं, पण ज्या डिस्कमध्ये अख्खा गेम आहे त्यांचाच. आणि गोव्यात उघड्या फळीवर ठेवणार असाल तर नकोच.

जुलैत खोलीतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. कव्हरच्या कागदाला ओल धरते, मग आत काळे ठिपके दिसतात. रबरी पट्टी असलेला ३० लिटरचा झाकणबंद डबा, आत २५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक, एवढं सामान पुरतं. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा; ३० च्या खाली गेला तर कागद ठिसूळ होऊ लागतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती डबा भरायच्या वेळेत. जूनमध्ये पाऊस बघून घाईघाईने डिस्क भरल्या, तर कागदांत मुरलेलं पाणी त्यांच्यासोबत आत कोंडलं जातं. साठ कव्हरांचा कागद वजनाला बराच भरतो आणि जेलची पहिली खेप चार-पाच दिवसांत ओल भरून हिरवी पडते. जानेवारीत भरलेल्या डब्यात तेच जेल, आठवड्याला एक-दोनदा झाकण उघडूनही, तीन आठवडे टिकलं. रंग बदलला की ओटीजी ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवायचं आणि पूर्ण थंड झाल्यावरच परत ठेवायचं. कपाटातल्या डांबरगोळ्या मात्र इथे चालत नाहीत. नॅप्थालीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते, आणि पहिल्या प्लेस्टेशनच्या केस त्याच प्लास्टिकच्या आहेत.

डिस्कवर बुरशी आलीच तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा आणि मऊ मायक्रोफायबरने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून नाही. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणून खोल ओरखडा घासून काढायच्या फंदात पडू नका. सीडीचं उलट: तिथे माहितीचा थर छापील बाजूला असतो. जुनी डिस्क विकत घेताना मागून टॉर्च धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर थर गेलेला आहे.

समुद्राजवळच्या घरांत कार्ट्रिजच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर येतो. फुंकर मारू नका, श्वासातल्या ओलाव्याने तो वाढतोच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, आणि वाळायला पाच मिनिटं. कार्ट्रिज उघडायची वेळ आली तर ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (अशा स्क्रूंसाठीचा खास पेचकस) लागतो.

आता मूळ प्रश्न, परवडण्याचा. प्लेस्टेशन ५ वर डिस्कमुळे जागा वाचत नाही. सगळा गेम कन्सोलच्या आतल्या एसएसडीवर (साठवणीच्या ड्राइव्हवर) उतरतो आणि डिस्क फक्त किल्ली म्हणून आत ठेवावी लागते. मिळतं ते एवढंच की पावसात इंटरनेट गेलं तरी इन्स्टॉल होतो, आणि खेळून झाला की विकता येतो. नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो, त्यामुळे परत विक्रीचा हा मुद्दा आमच्या मते सगळ्यात भारी आहे.

पण डिस्क हातात आहे म्हणजे गेम आपला झाला असंही नाही. ऑनलाइनच चालणाऱ्या 'द क्रू' या रेसिंग गेमचे सर्व्हर २०२४ च्या मार्चअखेर बंद झाले आणि डिस्क असलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला. स्विच २ ची 'गेम-की कार्डं' तर जवळपास रिकामीच असतात, कारण गेम डाउनलोडच करावा लागतो. ते गेमच्या खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली छापलेलं असतं, वाचून घ्या. तरी उलट बाजूही तितकीच खरी: निन्टेंडोच्या ३डीएस आणि वी यू या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये, तर एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये बंद झालं, तिथे आता नवी खरेदी होत नाही. या कन्सोलची जुनी डिस्क किंवा कार्ड आजही चालतं.

आखातातून कुणी डिस्क आणून देणार असेल तर आधी कव्हरच्या कण्यावरचा पीपीएसए (प्लेस्टेशन ५) किंवा सीयूएसए (प्लेस्टेशन ४) क्रमांक मागवा, म्हणजे डिस्क कुठल्या प्रदेशाची ते शोधता येईल. मूळ गेम कुठल्याही प्रदेशाचा चालतो, डीएलसी (गेमला जोडून वेगळं घ्यायचं जादा साहित्य) मात्र डिस्कच्याच प्रदेशाचं लागतं, आणि भारतीय खात्यावर घेतलेलं ते जुळेलच असं नाही. प्लेस्टेशन ५ प्रो घेणाऱ्यांनी डिस्क ड्राइव्ह वेगळा धरावा. तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, म्हणून हे काम पावसाआधीच उरकून घ्या.