मोमीनपुऱ्यातली पहाटे साडेतीनची नहारी

मी वर्तमानपत्राच्या मशीन विभागात आहे, बावीस वर्षं रात्रपाळी. शेवटच्या आवृत्तीचे गठ्ठे तीन-सव्वातीनला टेम्पोत चढतात. रमजान असला की टेम्पो हलल्याबरोबर माझे मशीनवरचे जोडीदार हात धुवायला पळतात. वयाने मोठे आहेत, सगळा विभाग त्यांना चाचा म्हणतो. आधी रॉकेलने शाई काढायची, मग साबण, मग परत साबण. शाईचा वास घेऊन दस्तरख्वानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाशी, बसायचं नाही, हा त्यांचा नेम.

इतकी वर्षं चाची स्टीलच्या डब्यात दोघांपुरती सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं जेवण, द्यायच्या. कागदाच्या रिळांना पाठ टेकून आम्ही ती खायचो. रोजा त्यांचा, पण डबा दोघांचा. 2024 च्या रमजानमध्ये चाची लेकीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेल्या आणि आम्ही महिनाभर बाहेर जेवलो. त्यातले चोवीस दिवस एकाच हॉटेलात. त्याच्याबद्दल लिहायचं केव्हाचं मनात होतं.

हॉटेल नागपूरच्या मोमीनपुऱ्यात आहे, जामा मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्याला. पाटी नाही. एरवी चहा-नाश्त्याचं दुकान, रमजानमध्ये समोर सतरंज्या पडतात. सेंट्रल अॅव्हेन्यूवरून आत वळलं की त्या वेळी दुकानं उघडी, रस्ता भरलेला, संध्याकाळचे सात वाजले असावेत तशी वर्दळ.

पहिले पाच-सहा दिवस आम्ही इकडे-तिकडे फिरलो. एका ठिकाणी रश्श्यावर बोटभर तर्री, चव जबरदस्त. मी दोन वाट्या प्यायलो. दुसऱ्या रात्री चाचा मशीनवर आले ते म्हणाले, "भाऊ, दस बजे से गला सूख गया." मार्चचा नागपूर, दुपारी बाहेर पाय ठेववत नाही, आणि सकाळी दहालाच घसा कोरडा. मी त्या दिवशी दुपारी उठून माठातलं गार पाणी प्यायलो होतो. मला फार वाईट वाटलं. आपण जिभेसाठी जेवत होतो आणि शेजारचा माणूस पुढच्या तेरा तासांसाठी.

या हॉटेलचा मालक त्या तेरा तासांसाठी रांधतो. तिखट-मीठ दोन्ही बेतात. नहारी म्हणजे रात्रभर शिजलेला मटणाचा रस्सा. तिची देग, म्हणजे मोठं पातेलं, रात्री तरावीहच्या नमाजनंतर चढते, झाकणाच्या कडेला कणकेचा पट्टा लावून बंद करतात आणि मंद आचेवर ठेवतात. साडेतीनला तो पट्टा सुरीने कापतात. मी एकदा मुद्दाम देगीजवळ उभा राहिलो. कणीक वाळून खापरासारखी झालेली, ती कडकन तुटली. आधी नुसती वाफ, मग सुंठ-बडीशेपेचा वास, मग मटणाचा. नळीचं मांस हाडाला नावापुरतं चिकटलेलं, पळी लागली की सुटतं. रस्सा कणीक लावून दाट केलेला. वरून आल्याच्या बारीक काड्या, कोथिंबीर, लिंबाची फोड. सोबत खमिरी, म्हणजे आंबवलेल्या पिठाची, रोटी. आपली न्याहारी आणि ही नहारी एकाच घरातले शब्द आहेत, दोन्ही सकाळच्या खाण्याचे. चाचांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की शेजारच्या चौघांना त्यांनी ते परत सांगितलं.

पण माझं मन बसलं ते दूध-फेणीवर. सुतासारख्या बारीक फेण्या वाडग्यात, वरून गरम दूध. लगेच खायची, नाहीतर लगदा होतो. साखर वेगळी देतात, कारण जास्त गोडाने तहान लागते हे त्यांना ठाऊक आहे. शेवटी वाटीभर दही, एक खजूर, दोन ग्लास पाणी. 2024 मध्ये नहारी-रोटी 140 रुपये होती, फेणी 40. दही आणि खजुराचे पैसे घेत नव्हते.

मालक गल्ल्यावर बसत नाही, घड्याळाखाली उभा असतो. भिंतीवर सहरी-इफ्तारच्या वेळांचा छापील तक्ता. 12 मार्चला पहिला रोजा होता तेव्हा सहरी सव्वापाचच्या आसपास संपत होती, महिना सरता सरता पाचच्या आत आली. तो दर पाच मिनिटांनी वेळ ओरडून सांगतो. एकदा स्टेशनवरून थेट आलेला एक पोरगा निवांत जेवत होता, मोबाईलमध्ये बघून म्हणाला, अजून अर्धा तास आहे. मालकाने त्याच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवला. "बेटा, वो मुंबई का टाइम है. यहाँ सूरज पहले निकलता है." पोराने पाणी पिऊन संपवलं आणि दोन मिनिटांत अजान झाली. मुंबई आणि नागपूरच्या वेळांत जवळपास पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. आम्ही रोज या वेळा छापतो, पण एखाद्याचा रोजा त्या आकड्यावर असा टांगलेला असतो हे मी तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

वाढण्याचा क्रमही लक्षात घ्या. आधी रोजेदार, त्यातही मेयो हॉस्पिटलमध्ये पेशंट असलेल्यांची पार्सलं सर्वांत आधी. माझ्यासारख्याला थांबावं लागतं, आणि ते बरोबरच आहे. मला कोणी कधी विचारलं नाही की तू रोजा ठेवतोस का. सतरंजीवर सरकून जागा देतात, मधल्या ताटातली रोटी पुढे करतात.

रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी, 5 एप्रिलला, मी पण रोजा धरला. चाचांनी आधी दोनदा विचारलं, झेपेल का. नेहमीचंच जेवण जेवलो. एक वाजेपर्यंत झोप, म्हणजे निम्मा दिवस तसाच गेला, हे खरं. पण उठल्यावरही पोट जड नाही, छातीत जळजळ नाही. तहान लागली ती चारनंतर, आणि ती सोसवण्यासारखी होती. साडेसहाच्या सुमाराला चाचांच्या घरी खजूर तोंडात टाकला. या स्वयंपाकाबद्दल यापेक्षा खात्रीचं मला काही सांगता येणार नाही.

आता तक्रारी. बायकांना बसायला सोय नाही. मेयोत रात्र काढलेल्या बहिणी, आया बाहेर उभ्या राहून पार्सलची वाट बघतात. आतल्या खोलीत एक पडदा लावला तरी भागेल. मी मालकाला हे सांगितलंय, तो हो म्हणाला, पण महिनाभरात झालं नाही. पाण्याला प्लास्टिकचे ग्लास वापरतात, स्टीलचे हवेत. शनिवार-रविवारी लांबलांबून हौशी मंडळी येतात, फोटो काढत बसतात आणि रोजेदारांची जागा अडते. तुम्ही जाणार असाल तर सोमवार ते गुरुवार जा. सव्वातीनला पोचा, गाडी अॅव्हेन्यूवरच लावा. चारनंतर गेलात तर नुसता चहा घ्या, नहारी रोजा असणाऱ्यांना राहू द्या. पार्सलसाठी घरून डबा न्या, झाकण घट्ट असलेला. रस्सा पातळ नसला तरी गाडीवर सांडतो.