सांगलीच्या गावभागात दुरुस्त करून घेतलेले चर्चचे धुपाटणे

आमच्या चर्चचे साखळ्यांचे पितळी धुपाटणे मी यंदा गावभागातील एका तांबट कारागिराकडून दुरुस्त करून घेतले. चर्चच्या वस्तू सांभाळणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

झाकण वर ओढणारी चौथी साखळी अडकत असे आणि आधी दुसरीकडे लावलेला डाख, म्हणजे वितळलेल्या धातूचा जोड, सुटला होता. मिस्सेत, म्हणजे आमच्या कॅथलिक उपासनेत, शुभवर्तमानाआधी (येशूच्या जीवनावरील वाचनाआधी) आलेलुया हे स्तुतिगीत गायले जात असतानाच धर्मगुरू निखाऱ्यांवर ऊद घालतात. तेवढ्यात झाकण उघडून मिटले नाही, तर गायन संपूनही सगळे ताटकळत उभे राहतात. पुढे वाचनपीठापाशी कपाळ, ओठ आणि छाती यांवर क्रूसाची खूण झाली, की ग्रंथाला तीनदा धूप दिला जातो आणि त्या शांततेत साखळीची खडखड मागच्या बाकापर्यंत पोहोचते.

कारागिरांनी मिस्सा कधी पाहिली नव्हती, म्हणून त्यांनी आधी विचारले, "हे ओवाळता की याला झोका देता?" झोका देतो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग नुसती वाकवलेली कडी चालायची नाही, उघडेल. प्रत्येक सांधा बंद करतो." जुना डाख कथलाचा होता, तो निखाऱ्याच्या धगीने सुटला, हेही त्यांनी दाखवले. नवा डाख पितळी लावला आणि झाकणाचे भोक कानशीने घासून इतके गुळगुळीत केले, की साखळी आता बोटाच्या ओढीने सरकते.

काम मात्र सांगितलेल्या दिवशी मिळाले नाही, त्यामुळे ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक धुपाविना निघाली. त्या दिवशी येशूच्या दुःखसहनाचे वाचन मेणबत्त्या आणि धूप यांच्याविनाच होते, म्हणून तेवढ्यावर निभावले. तरी सणाआधीचे काम देणाऱ्याने चार दिवस हाताशी ठेवावेत. मजुरी 1,400 रुपये झाली आणि ती मला रास्त वाटली.

खरी परीक्षा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत झाली. त्या रात्री शुभवर्तमानापुढे मेणबत्त्या नेत नाहीत, केवळ धूप नेतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळभर न गायलेला आलेलुया धर्मगुरूंनी दर वेळी स्वर चढवत तीनदा उचलला, वेदीवर मदत करणाऱ्या मुलाने धुपाटणे पुढे धरले, झाकण वर गेले, ऊद पडला आणि झाकण आवाज न करता जागेवर बसले.