स्नायूपेशींच्या वाढीला कोण जास्त मारक: सिम्वास्टॅटिन की प्रावास्टॅटिन?

कोलेस्टेरॉल उतरवणारी ही दोन्ही औषधं एचएमजी-कोए रिडक्टेज हे कोलेस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवरचं एकच एन्झाइम अडवतात. फरक पडतो तो पेशीत शिरण्यात. सिम्वास्टॅटिन स्निग्धात विरघळतं, पेशीपटलातून सरळ आत जातं. प्रावास्टॅटिन पाण्यात विरघळणारं; त्याला वाहक प्रथिन लागतं, आणि हे प्रथिन मुख्यतः यकृतात असतं.

उंदराच्या सी२सी१२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या स्नायूपेशींवर हे स्वच्छ दिसतं. डिश पेशींनी भरत आली की १० टक्के भ्रूण-सीरम (गाईच्या भ्रूणाच्या रक्तातला द्रव) काढून २ टक्के घोड्याचं सीरम द्यायचं. चार-पाच दिवसांत सुटे मायोब्लास्ट (अपक्व स्नायूपेशी) जुळून अनेक केंद्रकांच्या लांब नळ्या होतात. पाच-दहा मायक्रोमोलर सिम्वास्टॅटिन घातलं की नळ्या बारीक, तुटक राहतात. बऱ्याच पेशी गोल होऊन तळापासून सुटतात. तेवढ्याच प्रावास्टॅटिनने फारसं बिघडत नाही.

हा कोलेस्टेरॉलचा तुटवडा नव्हे. मेव्हॅलोनेट (त्या एन्झाइमने बनणारा पदार्थ) किंवा त्यापासून पुढे बनणारं जेरानिलजेरानिल पायरोफॉस्फेट दिलं तर पेशी सावरतात, कोलेस्टेरॉलकडे जाणारं स्क्वालीन देऊन नाही. म्हणजे अडतं ते ‘रो’ (Rho) सारख्या, पेशीचा आकार सांभाळणाऱ्या प्रथिनांना पटलाशी बांधणाऱ्या जेरानिलजेरानिलच्या शेपटीपाशी.

एक चूक नेहमी होते: सिम्वास्टॅटिन लॅक्टोन (बंद वलयाच्या, निष्क्रिय) रूपात मिळतं आणि तसंच वापरलं जातं. इथेनॉलमध्ये विरघळवून, सोडियम हायड्रॉक्साइडसह ५० अंशांवर दोन तास ठेवून वलय उघडायचं, मग पीएच ७.२ ला आणायचा. तेच द्रावण औषधाविना कंट्रोललाही (तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना) द्यायचं.

डिशमधली मात्रा रुग्णाच्या रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त असते, हे खरं. तरी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये ८० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिनवर स्नायूंच्या इजेमुळेच निर्बंध घातले. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकासोबत तर सिम्वास्टॅटिन नकोच. स्नायूंना प्रावास्टॅटिन सौम्य, पण त्याच मिलिग्रॅममध्ये एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल)ही कमीच उतरवतं.